सोहळ्यातला ळ

मी काढलेल्या पहिल्या फॉन्टमध्ये ळ नव्हता. ज्ञ होता, क्ष होता, एखाद्या संस्कृत श्लोकात क्वचित लागणारा दीर्घ ॠसुद्धा होता. ळ मात्र नव्हता, आणि तो नाही हे दोन वर्षं माझ्या लक्षातही आलं नाही.

बाबांची बँकेने नागपूरहून जयपूरला बदली केली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि भाऊ व्हायचा होता. तीन वर्षांनी परत जायचं ठरलं होतं. पण भावाचं आजारपण निघालं, मग माझी शाळा आली, मग बाबांनीच बढती नको म्हणून सांगितलं आणि आम्ही मालवीय नगरात कायमचे राहिलो. आता मी त्याच घराच्या मागच्या खोलीत बसून कॉम्प्युटरसाठी अक्षरं काढते. हॉटेलांच्या पाट्या, मिठाईचे डबे, लग्नपत्रिका यांना जुन्या वळणाची, नक्षीदार अक्षरं हवी असतात. ती देणं हे माझं काम.

परकोट्यात, म्हणजे जुन्या जयपुरात, जुन्या वस्तूंचे एक दुकानदार आहेत. ते मला हस्तलिखित पोथ्यांची सुटी पानं बघू द्यायचे, फोटो काढू द्यायचे. बोरूने लिहिलेली ती अक्षरं पाहून मी वेडी झाले होते. शिरोरेषा जाड, उभी काठी खाली येता येता बारीक होत जाणारी, क आणि फ यांची पोटं नुकत्याच जेवून उठलेल्या माणसासारखी तृप्त. वर्षभर मी ते वळण गिरवलं, त्याच्या शेपट्यांना बारीकशी वेल दिली, आणि त्याचा फॉन्ट केला. तो चांगला चालला. राजा पार्कमध्ये चाट खायला गेलं की समोरच्या दुकानाच्या पाटीवर माझा क दिसायचा, आणि मी हातातली प्लेट विसरून त्याच्याकडे बघत राहायचे.

मग भावाचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, झोटवाड्याला राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच घरातली. पत्रिकेची एक बाजू हिंदीत आणि दुसरी, नागपूरच्या नातेवाइकांसाठी, मराठीत असं ठरलं. मराठी मजकूर आईने स्वतः लिहिला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे चार वेळा लिहून, खोडून, पाचव्यांदा सुवाच्य अक्षरात मला आणून दिला. फॉन्ट कुठला वापरायचा हा प्रश्नच नव्हता.

मी मजकूर टाइप केला. स्क्रीनवर ‘विवाह सो’ आलं, पुढे ‘ह’ आला, आणि त्यानंतर एक रिकामा चौकोन.

आई माझ्या मागे उभी होती. चष्मा वर करून ती वाकली.

“इथे अशी डबी काहून आली?”

“ळ नाहीये, आई.”

“नाहीये मतलब?” नागपुरी बोलीत अधूनमधून हिंदी घालायची सवय तिला इथेच लागली आहे. “कुठे गेला?”

“मी काढलाच नाही. हिंदीवाल्यांसाठी केला होता नं. त्यांना लागत नाही.”

माझे कान तापले. मी मराठी घरातली, आणि अक्षरांच्या यादीत खूण करत जाताना मला माझ्या भाषेचं एक अक्षर आठवू नये! आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती सरळ होऊन म्हणाली, “राहू दे. ‘सोहळा’ नको, ‘समारंभ’ लिही. तेच होते.”

आणि ती कुकर लावायला गेली.

तिने इतक्या सहज सोडून दिलं, तेच मला लागलं. त्या दिवसापासून मी तिच्या बोलण्याकडे कान देऊ लागले. भाजीवाल्या भैयांशी ती हिंदीत बोलणार हे ठीकच होतं. पण आमच्याशी बोलतानाही तिने कितीतरी शब्द कधीच मागे टाकले होते. केळ्यांना ती केले म्हणायची, कोळशाला कोयला, जवळ म्हणायच्या जागी पास. बाबांशी एकटी बोलताना मात्र हेच शब्द तिच्या तोंडी नीट यायचे. म्हणजे ती ते विसरली नव्हती. आम्हाला कळावं म्हणून तिने आपली भाषा आमच्या मापाची करून घेतली होती.

माझ्या तोंडी ळ च्या जागी ल च येतो. एका दुपारी शेंगा सोलताना मी तिला विचारलं, “मला ळ म्हणता यायचा का गं?”

“पहिले यायचा. छान यायचा. ‘बाळ पळाला’ म्हणत घरभर धावायची तू.” तिने शेंगांची पुढची मूठ उचलली. “तिसरीत होती. हिंदीच्या वहीत तू फळ लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईने गोल केला आणि लिहिलं, ऐसा कोई अक्षर नहीं है। पोरं हसली. घरी येऊन तू म्हणाली, आई, हे अक्षर खोटं आहे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी शाळेत जायला पाहिजे होतं मी. बाईंना सांगायला पाहिजे होतं की आमच्यात असते. नाही गेली. आपण नवीन, माझी हिंदी अशी. वाटलं, पोरीला उगाच त्रास होईल.” तिने टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळली. “तेव्हापासून तू ल म्हणायला लागली. मी पण सोडून दिलं.”

मला यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. तिला मात्र शाईचा रंगही आठवत होता. मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, “सोड, हाताला माती आहे.” पण हात तिने काढून घेतला नाही.

संध्याकाळी मी ळ काढायला बसले आणि अडले. माझ्याकडच्या पोथीच्या एकाही पानावर ळ नव्हता. बघून काढावं असं काही समोर नव्हतं. त्या लेखकाने बोरूने ळ कसा काढला असता हे मला अंदाजानेच ठरवायचं होतं. माझे पहिले ळ पुस्तकी झाले, दोन गोल नुसते शेजारी चिकटवल्यासारखे. शेवटी मी बोरू आणि शाई घेऊन आईसमोर ठेवली.

“तू लिही.”

“मी? माझं अक्षर काय कामाचं?”

“मला वळण बघायचंय. हात कुठून निघतो, कुठे थांबतो.”

तिने पदर खोचला, शाळेतल्या मुलीसारखी पाठ ताठ केली आणि लिहू लागली. पहिल्या ओळीत डाग पडले. तिसऱ्या ओळीला हात बसला. तेव्हा मला दिसलं की तिचे दोन्ही गोल सारखे नसतात. डावा लहान असतो. हात तिथे जरा थबकतो, मग दम घेतल्यासारखा उजवा मोठा गोल काढतो आणि शेपूट खाली सोडतो. पान भरेपर्यंत ती थांबली नाही. मग शाईने माखलेली बोटं बघून म्हणाली, “इतके ळ तर मी तीस वर्षांत लिहिले नसतील.”

त्या पानावरून मी ळ काढला. पण नुसता ळ पुरणार नव्हता. ‘सोहळ्यास’ लिहायला अर्धा ळ लागतो, य ला जोडलेला. तो केला तर काना सरकला. आठवडा त्यात गेला.

याच सुमारास मजकूर पक्का करायला आम्ही झोटवाड्याला गेलो. होणाऱ्या वहिनीच्या घरी तिची आजी होती, ऐंशीच्या पुढची, डोक्यावर पिवळी ओढणी, कानाने थोडी कमी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आईने पत्रिका तिला मोठ्याने वाचून दाखवली, आधी हिंदी आणि मग तिच्या आग्रहाने मराठीही. आई ‘सोहळा’ म्हणाली तशी आजीने हात वर केला.

“कांई बोल्या? फेर बोलो।”

“सोहळा,” आई म्हणाली. “मतलब समारोह, जी।”

“सोहळो,” आजी म्हणाली. स्पष्ट, ठसठशीत ळ. मला अजून जमत नव्हता तसा.

आई बघतच राहिली. “आपको ये अक्षर बोलना आता है?”

“आवै कोनी कांई!” न यायला काय झालं, म्हणून आजी जवळजवळ चिडली. “म्हे तो काळो, पीळो, फळ, दाळ ही बोलां छां। ये छोरा-छोरी दाल-दाल करै छै।” आणि तिने नातीकडे बोट केलं.

आई हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग त्या दोघी एकमेकींना शब्द सांगत बसल्या. आई म्हणाली थाळी, आजी म्हणाली थाळी. आई म्हणाली काळीज, आजीने छातीवर हात ठेवून सांगितलं, काळजो. चहा निवला. भाऊ आणि बाबा मंडपाचं काहीतरी बोलत होते ते थांबून ऐकायला लागले. वहिनी माझ्या कानात हिंदीत म्हणाली, “शाळेत आम्ही दाळ म्हटलं की गावठी म्हणायचे. दादीसमोर पण मी आता दालच म्हणते. लाज वाटायची ती तशीच राहिली.” मी तिला माझ्या लाल शाईची गोष्ट सांगितली. आमची खरी ओळख तेव्हा झाली असं मला वाटतं.

निघताना आजी म्हणाली, “कारड में म्हारी भी एक ओळी घालज्यो।”

“क्या लिखूँ, दादीजी?” मी विचारलं.

तिला विचार करावा लागला नाही. “ब्याव में सगळा पधारज्यो।”

म्हणजे लग्नाला सगळ्यांनी यावं. सगळा! आई माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, हा तर आपलाच शब्द.” त्यामुळे आता पत्रिकेच्या दोन्ही बाजूंना ळ लागणार होता.

छापखान्यातून पहिला नमुना आला तेव्हा छापणारे भाईसाहेब वैतागले होते. “दीदी, आपका ये दो आँखवाला अक्षर सारी स्याही पी जाता है।” खरंच, सोनेरी शाई दोन्ही गोलांत भरून ळ चा नुसता ठिपका झाला होता. दोन ठिकाणी तो एखाद्या माशीसारखा दिसत होता. मी घरी येऊन गोल मोकळे केले, रेघ थोडी बारीक केली. आईच्या हातचा लहान डावा गोल आता जरा मोठा करावा लागला. तो करताना मला वाईट वाटलं, पण छपाईपुढे इलाज नव्हता.

पत्रिका आल्या. आईने एक हातात घेतली, उठाव दिलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ‘सोहळ्यास’ वर थांबली.

“हा माझा आहे?”

“तुझाच. थोडा रुंद झालाय.”

“मी पण झाली आहे,” ती म्हणाली, आणि पत्रिका देवापुढे ठेवायला घेऊन गेली.

नागपूरहून मावशीचा फोन आला. पत्रिका छान आहे, अक्षर कुठलं, असं तिने विचारलं. आई सहजपणे म्हणाली, “घरचंच आहे.”

लग्न थंडीत झालं. आजी खुर्चीत बसून होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पत्रिकेतली तिची ओळ वाचायला लावत होती. जो सगला म्हणेल त्याला ती परत म्हणायला लावायची. मलाही लावलं. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा तिने माझी हनुवटी धरून वर केली, “जीभ ऊपर मोड़,” म्हणाली, आणि ळ आला. फार सुबक नाही, पण आला. हे लिहितानाही कुठे ल आणि कुठे ळ ते आईला विचारूनच लिहिलं आहे.

नंतर मी तो फॉन्ट नव्याने बाहेर काढला, ळ सकट. काही महिन्यांनी बिकानेरहून एका गृहस्थांचा मेल आला. त्यांची आई म्हणायची ती लग्नाची मारवाडी गाणी त्यांना छोट्या पुस्तकात छापायची होती. जुन्या वळणाचं अक्षर हवं होतं, पण बघितलेल्या प्रत्येक फॉन्टमध्ये ळ च्या जागी चौकोन येत होता. तुमच्यात आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. मी लगेच फॉन्ट पाठवला.

त्यांनी पुस्तकाची कच्ची पानं पाठवली ती मी आईला दाखवली. ती चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी वाचायला बसली. निम्मे शब्द तिला कळत होते, निम्मे नाही. एका ओळीपाशी ती बराच वेळ अडली, मग वहिनीला हाक मारली. वहिनीलाही अर्थ येईना. तेव्हा आईने फोन उचलला आणि झोटवाड्याला लावला. पलीकडे आजीला ऐकू यायला वेळ लागला. आई मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून ती ओळ वाचत होती. वाचून झाल्यावर ती थांबली, आणि फोनमधून आजी ते गाणं म्हणायला लागली.