दादाभाऊची रविवारी बिघडणारी गाडी

"काका, आज येऊ नका," महेश फोनवर म्हणाला आणि लगेच, "नाही… या. लवकर या." रविवारची सकाळ होती. मी दौंडच्या घरात पायांत बूट चढवून, पान्यांची पिशवी खांद्याला लावून न्हावऱ्याला निघायच्या बेतात होतो. महेश म्हणजे माझा मित्र दादाभाऊ याचा मुलगा. त्याचं ते उलटसुलट बोलणं ऐकून मला वाटलं, गाडी आज आपोआप बरी झाली असणार. दादाभाऊ पहाटे गोठ्यात धार काढायला बसला आणि तिथेच कलंडला, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तरी पिशवी घरी ठेवायचं सुचलं नाही. अंत्ययात्रेत मी पाने-पक्कड खांद्याला लावून चालत होतो आणि कोणी मला हटकलंही नाही.

शिरूरला शाळेत असताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहायचो. त्याच्या घरी तेव्हा मेंढरं होती. सुट्टीत मी त्यांच्या कळपामागे हिंडलोय. कोणती मेंढी मागे राहिली ते हा पाठमोरा चालत घंटेच्या आवाजावरून सांगायचा आणि मी धावत जाऊन बघायचो, तर तीच असायची. पुढे मी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर झालो. त्यांची मेंढरं गेली, ऊस, कांदा आणि गाई आल्या. तो मला जन्मभर 'फिटर' म्हणाला. माझं नाव त्याला आठवत तरी होतं का, शंकाच आहे.

तर या माणसाने साठीला टेकल्यावर एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. पुण्यात कुणाच्या तरी बंगल्यात धूळ खात पडलेली. पिवळीधमक, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की गतिरोधक दिसला की दोघांनीही पोट आत घ्यावं. आधी एक पाय, मग पाठ, मग उरलेला दादाभाऊ, या क्रमाने तो आत शिरायचा. बाहेर यायला त्याची बायको, कमलवहिनी, हात द्यायच्या. गाडी कशाला घेतली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "आवाज ऐक आधी, मंग बोल." गिअरजवळ एक बटण होतं. ते दाबलं की मागच्या सायलेन्सरमधली झडप उघडायची आणि गाडी अशी गर्जायची की कांद्याच्या चाळीवरची कबुतरं उडायची. पुन्हा दाबलं की झडप मिटायची आणि शिवणयंत्राएवढाच आवाज उरायचा. गावात झडप मिटलेली, पारगावचा पूल ओलांडला की उघडी, असा त्याचा नियम होता. पुलावर तो लहान मुलासारखा हसायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी आमची ही गेली. मी निवृत्त झालेलो, मुलगा परगावी. मी घरातून निघेनासा झालो होतो. दूधवाल्याशी बोलणं झालं तर तेवढंच. दिवाळी उलटली आणि दादाभाऊचा फोन आला. "फिटर, गाडीचं बटाण बिघडलंय. ये." मी म्हणालो, गॅरेजला दाखव. "दावली. त्यांना काय कळंना. पुण्यात न्हेली, तर ते म्हणत्यात समदी नळीच बदला. तू ये."

गेलो. बटण दाबलं, गाडी ढिम्म. आवाज तेवढाच हळू. फ्यूज तपासला, चांगला. बटणाच्या वायरी सोडून बघितल्या, करंट येत होता. झडप फिरवणारी छोटी मोटर कुईकुई करायची, म्हणजे तिचीही तक्रार नव्हती. दिवस मावळेपर्यंत खपलो, काही कळलं नाही, जेवलो आणि परतलो. मंगळवारी त्याचा फोन, "अरं, ठणठणीत झाली! काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग दर रविवारी तेच… कधी अजिबात गर्जत नसे, कधी मिटता मिटत नसे. एकदा ती अशी उघडीच अडकली आणि देवळात कीर्तन रंगात आलेलं असताना हा समोरून गर्जत गेला. महाराज थांबले, टाळकरी थांबले. दादाभाऊ काच खाली करून सगळ्यांना हात जोडत होता आणि दुसऱ्या हाताने बटण बडवत होता. हात जोडायला दोन्ही लागतात हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आयुष्य इंजिनांत गेलं माझं. पण रविवारी आजारी पडून आठवड्यात बरं होणारं यंत्र मी पाहिलं नव्हतं. मी उन्हाला दोष दिला, धुळीला दिला, पेट्रोलला दिला. थंडी सरली, उन्हाळा आला, माझ्या रविवारच्या खेपा चालूच राहिल्या. गाडी सुधारली नाही. मी मात्र जेवू लागलो होतो, दाढी वेळेवर करू लागलो होतो, हे आता लिहिताना जाणवतंय.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी महेश म्हणाला, "काका, उभी राहून बॅटरी बसेल. एकदा चालू करून जाता का?" तो कारेगावला कंपनीत असतो, त्याला सवड नाही. रविवारीच गेलो. आत शिरलो, चावी फिरवली, सवयीने बटण दाबलं. गाडी गर्जली. पुन्हा दाबलं, मिटली. दहादा केलं, दहाही वेळा बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता. मी गोंधळून उतरलो आणि मागे जाऊन जमिनीवर आडवा झालो.

झडपेच्या बारीक दांडीला एक गंजकी तार लोंबत होती. तिला वाळून कोळसा झालेलं लिंबू, दोन मिरच्या, एक बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणून वहिनी दर शनिवारी नवं बांधायच्या. ते मी दर रविवारी पाहिलं होतं. गॅरेजवाल्यांनीही पाहिलं असणार. पण दुसऱ्याने बांधलेल्या लिंबाला कुणी हात लावत नाही. आम्ही सगळे ते चुकवून, मान वाकडी करून पलीकडचं तपासत होतो. शनिवारी आवळलेली तार दांडी धरून ठेवायची, झडप असेल तिथे अडकायची. दोन दिवस गाडी हादरली की तार सैल व्हायची आणि झडप मोकळी. तो गेल्यापासून कुणी नवं लिंबू बांधलंच नव्हतं, आणि शेवटचं वाळून आक्रसलं तशी तारही सैल पडली होती.

मी वहिनींना हाक मारली. लिंबू नेहमी इथंच बांधत होता का, म्हणून विचारलं.

"न्हाई भावजी. आधी नंबरप्लेटीला बांधायचे. दिवाळीनंतर ह्यांनीच सांगितलं, खाली त्या दांडीला बांध म्हणून. मी म्हणलं, तिथं कुणाला दिसणार? तर म्हणले, दिसाया कशाला पायजे. का व्हो?"

काही नाही, म्हणालो. पण तेव्हापासून मला उलगडत नाही. मेंढीची घंटा ओळखणाऱ्या कानाला अडकलेल्या झडपेची कुरकुर कळली नसेल? मग देवळासमोरची ती फजिती? ती कुणी मुद्दाम करून घेतं? माझ्याबरोबर गाडीखाली आडवा होऊन "कुठं मेलीय ही झडप" म्हणून कावणारा दादाभाऊ खोटं कावत होता? तसं वाटत नाही. आणि खरंच कावत होता म्हणावं, तर दिवाळीनंतरच ती दांडी का… तो एवढा धूर्त असेल तर मी त्याला ओळखलंच नाही. आणि नसेल, तर मला वाचवलं ते एका लिंबाने. दोन्हींपैकी काय खरं मानावं, मला ठरवता येत नाही. त्याला विचारावं, तर तो नाही. रडू आलं ते तिथेच, गाडीखाली, पहिल्यांदा.

बाहेर आलो तेव्हा वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. इतका वेळ ती गाडी गर्जत होती आणि मिटत होती, हे अख्ख्या आळीने ऐकलं होतं.

"झाली का व्हो नीट?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "अजून बघावं लागेल."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप माझ्या हातात दिला.

"मंग या की पुढल्या रविवारी," त्या म्हणाल्या. "जेवायलाच या."