सशाचे दात

ससा पाळायची हौस मला नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढं सगळ्यांनी मिळून ती माझ्याच माथी मारली. ससा आणला नवऱ्यानं. तो दुबईत खाडीच्या काठी एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होता. साहेबाच्या मडमेला उन्हाळा सोसेना, ती विलायतेला परत निघाली आणि जाताना घरातलं एकेक वाटत सुटली. कुणाला पडदे मिळाले, कुणाला कपबश्या. आमच्या वाट्याला ससा आला.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. अमिरात हे नाव तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. दुबई म्हणजे खाडी, तिच्या दोन काठांवर दोन वस्त्या आणि मागं वाळूच वाळू. पिण्याचं पाणी गाढवावरून यायचं. त्यातल्या देरा नावाच्या वस्तीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो, पुढं भिंतीनं वेढलेलं अंगण. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. मी रत्नागिरीकडची, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि दिवसभर बोलायला त्या अंगणात चिटपाखरू नाही.

मुलगी गावी होती. साडेतीन वर्षांची असताना तिला सासूपाशी ठेवून मी बोटीत चढले. "तिकडच्या उन्हात पोर कशी जगेल?" सगळे म्हणाले. आई तिच्यावाचून कशी जगेल, हे एकानंही विचारलं नाही. ठरलं असं की पोर जरा मोठी झाली की थंडीच्या दिवसांत सासू तिला घेऊन येईल. दोन थंड्या आल्या नि गेल्या. तिसऱ्या वर्षी सासूचं पत्र आलं, शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं. पोर यायला तयार नाही, म्हणते, अम्मीचं तोंड आठवत नाही, तिथं जाऊन मी काय करू?

ते वाचून मी चुलीसमोर बसून रडले. मग उत्तर लिहिलं, 'तुझ्यासाठी इथं ससा पाळलाय. पांढरा, एक कान करडा. तू आलीस की तुझा.' खोटं काही नव्हतं त्यात. ससा समोरच बसला होता. महिन्याभरानं जबाब आला, 'सशाला सांग, मी येतेय.' सशाला सांग! मला नाही. पण येणार होती ना, मला तेवढं पुरे होतं. त्या दिवसापासून तो मडमेचा ससा राहिला नाही, माझ्या पोरीचा झाला.

आता आमचं शहाणपण ऐका. मडमेनं ससा दिला तो चहाच्या खोक्यात, आणि खोकं सुक्या चाऱ्यानं काठोकाठ भरलेलं. नवऱ्याला वाटलं, काचसामान पाठवताना भरतात तसं गवत आहे. त्यानं सगळं काढलं आणि गावी पाठवायच्या काचेच्या पेल्यांभोवती गुंडाळून टाकलं. सशाचं जेवण पेल्यांबरोबर रत्नागिरीला गेलं. आणि सशाला आम्ही काय दिलं? जे पाहुण्याला देतो ते. चहात बुडवलेला पाव, मऊ भात, बी काढलेला खजूर, शिरखुर्मा केला तर त्यातल्या भिजलेल्या शेवया. पाहुण्यापुढं कुणी कडक भाकरी ठेवतं का? आमच्यात प्रेम करायचं म्हणजे मऊ करून भरवायचं, दुसरी रीत आम्हाला ठाऊक नाही. आणि ससा खायचाही, लेकाचा, दोन पायांवर उभा राहून.

एके दुपारी तो अंगणात बसल्या बसल्या धपकन कुशीवर पडला. पाय ताणलेले, डोळे उघडे, हलेना. मी किंचाळले. तशी टुणकन उडी मारून उभा राहिला आणि माझ्याकडं असा बघायला लागला की मीच वेडी. पोट भरलं आणि जीव निवांत झाला की तो तसाच आडवा होतो, आणि झोपला तरी डोळे मिटत नाही, हे मला हळूहळू कळलं. नवऱ्यालाही कळलं. जेठांना कळायचं कारण नव्हतं.

जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. शारजाला एका गोदामात कामाला, फक्त शुक्रवारी यायचे. जुम्याची नमाज पढून आमच्याकडं जेवायचे. हातात बहुतेक मासळी असायची, आणि स्वयंपाक माझ्याहून चांगला करायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

उन्हाळा सरता सरता ससा खाईनासा झाला. पाव तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटी सतत ओली, गळ्याखालचे केस चिकटून गेलेले. मी त्याचा ओठ वर केला आणि अंगावर काटाच आला. वरचे पुढचे दात आत वळून टाळूला टेकायला आलेले, खालचे नाकापर्यंत चढलेले. जेठांनी त्या शुक्रवारी बघितलं आणि हसले. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं ऐकलं होतं गो. ह्याला तर दातही आहेत नि चणेही आहेत, तरी उपाशी! कापून टाक. हलाल जनावर आहे, उगाच सुकून मरेल."

"पोरीला काय दाखवू?" मी विचारलं.

"पोरीला बकरी आणून देतो."

जेठांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

जनावरांचा डॉक्टर तेव्हा कुठं मिळायला? उंटाला डागणारे होते, सशाला कोण विचारतो? पण खाडीपलीकडं एका हैदराबादी दातवाल्याचं दुकान होतं. पायानं मशीन चालवून माणसांचे दात कोरायचा. आठवडाभर मी सशाला उकडलेल्या भोपळ्याचा गर शाईच्या ड्रॉपरनं पाजला, गालाच्या बाजूनं, थेंब थेंब, ठसका लागू नये म्हणून. हनुवटी कोमट पाण्यानं पुसायची, कोरडी करायची, वर खोबरेल लावायचं. पाठीवरून हात फिरवला की मणका बोटांना टोचायचा. अंगात थोडी ताकद आल्यासारखी वाटली, तेव्हा टोपलीत घालून, वर ओलं फडकं टाकून, होडीतून पलीकडं गेले. होडीतले लोक विचारत होते, काय विकायला नेतेस?

दातवाला म्हणाला, "आपा, मैं इन्सान के दाँत देखता हूँ."

मी म्हणाले, "दाँत तो दाँत है. मेरी बच्ची आ रही है इसके लिए." आणि तिथंच रडायला लागले. बाकावर गाल सुजलेला एक नाखवा बसला होता. तो म्हणाला, "यल्ला, पहिल्यांदा हिचं कर."

सशाला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून मी छातीशी धरलं. दातवाल्यानं दाढेच्या बाजूनं लाकडाची चपटी काडी सरकवली, जीभ आत ढकलली आणि पायानं मशीन सुरू केलं. छोटी चकती गरगरली. जळक्या शिंगासारखा वास आला. सशाचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं धडधडत होतं की मला वाटलं, हा आता इथंच जातो. वरचे दोन झाले, खालचे दोन झाले. "खलास," तो म्हणाला. मग मला दटावलं, "फिर बढ़ेंगे, चबाने से ही घिसते हैं. नरम खाना बंद. बकरी जो चबाती है, वो दो."

बकरी इथं जत खायची. जत म्हणजे आपला लसूणघास, बाजारात हिरव्या पेंढ्या मिळायच्या. पण दात घासल्यावर लगेच कुठला चावतोय तो! तोंड दुखत असणार. कोपऱ्यात पाठ वाकवून बसला. मी ती जत पाट्यावर वाटली, पाण्यात कालवली, मलमलीतून गाळली आणि पुन्हा ड्रॉपर. थोडं पोटात जायचं, निम्मं माझ्या पदरावर. रोज सकाळी त्याच्या लेंड्या शोधायच्या. दिसल्या की अल्लाचे शुक्र मानायचे. माणसाची आई हे करते तेव्हा तिला पुण्यवान म्हणतात, सशासाठी केलं की नवरा म्हणतो, "नसती उठाठेव." तरी जत आणून द्यायचा, एवढं खरं.

बोट सुटल्याची तार आली. पोर समुद्रात होती, आणि ससा अजून ड्रॉपरवर.

त्या शुक्रवारी सकाळी मी अंगण झाडत होते. मागून करकर आवाज आला. वळून बघते तर ससा जतीचा देठ तोंडात धरून कातरतोय. देठ आत चाललाय, पानं हलताहेत, चारही दात बरोबर एकावर एक. केरसुणी हातातच राहिली. नवऱ्याला हाक मारली, "अहो, बघा, बघा!" तो मशिदीत निघाला होता. थांबला आणि हसला. "चल, जिंकलीस," म्हणाला. पेंढी बघता बघता संपली. घरात दुसरी नव्हती. पोर येईपर्यंत ह्याला पोटभर चारायचा, असं ठरवून मी बुरखा चढवला आणि दार नुसतं लोटून बाजारात गेले. शुक्रवारची दुकानं बंद, पण एक जतवाली म्हातारी आपल्या घरून द्यायची, थोडी लांब होती. जाताना मी वेड्यासारखी गुणगुणत होते.

परत आले तेव्हा जेठ आलेले होते. अंगणात मोरीपाशी बसून हात धूत होते. भिंतीच्या खुंटीला सोललेलं काहीतरी टांगलं होतं.

"बरं झालं मी वेळेवर आलो," ते म्हणाले. "आडवा पडला होता, डोळे पांढरे. म्हटलं, घटकेत मुरदार होईल. बिस्मिल्ला केलं."

आमच्या गावात हे असंच असतं. कोंबडीला घरघर लागली, बकरी आचके द्यायला लागली, की जो जवळ असेल तो सुरी घेऊन धावतो. सुरीवाचून मेलं तर हराम, मातीत घालायचं. अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली तर जनावर सुटलं आणि घरच्यांच्या तोंडी घास पडला. मीसुद्धा लहानपणी सुरी आणायला धावलेय. जेठांनी तेच केलं होतं. मी काय म्हणणार होते? की तो निवांत होता म्हणून पडला होता?

जेठ हात पुसत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोट मात्र भरलेलं होतं गो. हिरवंगार. तोंडातसुद्धा पाला होता." मग त्यांनी माझ्या हातातली जतीची पेंढी बघितली आणि सुरी मोरीत विसळायला घेतली.

पण मटण फुकट घालवलं नाही. स्वतः कांदा चिरला, खोबरं भाजलं, वाटण केलं. नमाजेनंतर गप्पा मारून नवरा उशिरानं आला, त्याला सगळं कळलं. मला वाटलं, आता हा बोलेल. एक शब्द बोलेल भावाला. दोघं भाऊ नेहमीप्रमाणं एका थाळ्यात जेवायला बसले. जेठांनी पहिला घास घेतला आणि नवऱ्यानं दुसरा. सकाळी "जिंकलीस" म्हणणारं तोंड तेच. मी आत भिंतीला टेकून बसले होते. मेल्या, थुंक तरी, असं मनात म्हणत होते. तो बोटं चाटून उठला. जेठांना मी कधीतरी माफ केलं असेन, त्यांना ठाऊक नव्हतं. ह्याला केलं नाही. तो गेला तेव्हाही नाही.

मग बोट आली. समुद्रात उभी राहायची ती, माणसं पडावातून खाडीत यायची. सासूचं बोट धरून पोर काठावर उतरली. केवढी झाली होती! दोन वेण्या, गुडघ्यावर खपली. मी खाली बसून हात पसरले. ती लांबच उभी राहिली.

"ससा कुठाय?"

"मेला गं, बाळा. परवाच."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग मान वर करून सासूला म्हणाली, "दादी, तू म्हणालीस ना, तस्संच. ससा नव्हताच."

"होता!" मी ओरडले. "विचार ह्यांना. विचार मोठ्या अब्बांना."

जेठांनी ट्रंक खांद्यावर घेतली होती, ती त्यांनी उगाच दुसऱ्या खांद्यावर केली. नवरा म्हणाला, "चला, ऊन होतंय." आणि दोघं पुढं चालायला लागले.

आता तीच मुलगी आजी झाली आहे. नातवंडं काही मागायला लागली आणि द्यायचं नसलं, की ती हसून म्हणते, "देते हं, देते. अम्मीचा ससा देते." सगळे हसतात. त्यांच्यात बसून मीही हसते.