हाताचं मलम

मंजिरी टेंबेच्या कपाळावर पहिली पुटकुळी आली ती चौदाव्या वर्षी, आणि त्याच दिवशी मिलच्या चाळीतल्या झाडून साऱ्या बायकांनी तिला तारीख देऊन टाकली. विसाव्या वर्षी मुरुम जातात गं! सगळ्यांचेच जातात. बिचारीने सहा वर्षं कळ काढली. हळद झाली, मुलतानी माती झाली, कडुनिंबाचा पाला वाटून झाला. इंदुरात राहून सेव सोडली पोरीने, आता बोला! विसावं आलं नि गेलं. मुरुम तिथेच, उलट जास्त टपोरे. मग बायकांनी तारीख बदलली. म्हणे, लग्न झालं की जातात.

आता घ्या! मुरुम जायला लग्न हवं, आणि लग्न जमायला मुरुम गेलेले हवेत. यात काही वावगं आहे असं एकाही बाईला वाटलं नाही. पुढच्या सहा वर्षांत अकरा मुलं बघून गेली. पोहे खाल्ले, चहा प्यायले, "कळवतो जी" म्हणाले आणि कळवलं कुणीच नाही. एका मुलाच्या आईने तर मंजिरीच्या तोंडावर विचारलं, "ये उमर के साथ जाते नहीं क्या?" वर्गातल्या सगळ्या मुलींचे गेले, मग आपलेच का राहिले, आपण असं काय पाप केलं, हे मंजिरी रोज आरशाला विचारायची. सव्वीस वर्षांची झाली होती ती.

तिचे बाबा पांडुरंग मिलच्या रंगखात्यात होते. एकवीस वर्षं रंगाच्या हौदापाशी काढलेली, त्यामुळे हात सदा फुटलेले, खाजरे, कधी रक्ताळलेले. त्यासाठी मिलच्या दवाखान्यात मलम मिळायचं. तिथला रिवाज असा, की डबी ज्याची त्याने न्यायची. बाबूराव कंपाउंडर मोठ्या बरणीतून मलम काढून डबीत भरायचे. त्यावर ना नाव, ना चिठ्ठी. पांडुरंगांची डबी पितळेची होती, पूर्वी कुंकवाची. मलम लावलं की दोन दिवसांत हात निवायचे.

बारावा मुलगा देपालपूरचा. जयेश नाव, तिथल्या धान्यमंडीत मुनीम. तो बघायला येणार त्याच्या पाच दिवस आधी मंजिरीची आई, मनोरमा, डबी घेऊन तिच्यापुढे बसली. "बाबांच्या हाताचं जातं, तर तुझ्या तोंडाचं का नाही जाणार? चामडी ती चामडी."

आणि काय सांगावं, गेले की हो! पाचव्या दिवशी गाल असे गुळगुळीत, की मंजिरी पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती. जयेशच्या आई, यमुनाबाई, तिला खिडकीशी घेऊन गेल्या, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, कसं लख्ख आहे!" साखरपुडा उरकला, लग्न वैशाखात ठरलं. त्या दिवशी मंजिरी मोरीत जाऊन आनंदाने रडली.

पांडुरंगांनी डबी तिच्या हातात दिली. "आता ही तुझी. वैशाखापर्यंत तोंड असंच राहिलं पाहिजे, बस्." तेव्हापासून बोटभर मलमही त्यांनी स्वतःच्या हाताला लावलं नाही. दर आठवड्याला बाबूरावांकडून डबी भरून आणायची ती सगळी पोरीसाठी. हात पुन्हा फुटले. जन्मात पहिल्यांदा ते चमच्याने भात जेवू लागले.

"बाबा, थोडं तरी लावा हो," मंजिरी म्हणायची.

"अरे बेटा, मेरे हाथ कौन देखने आ रहा है?"

डिसेंबरात एके सकाळी मिलचं गेट उघडलंच नाही. भोंगा नाही, नुसती नोटीस. दवाखान्यालाही कुलूप लागलं. बाबूराव बिऱ्हाड हलवून गावी गेले आणि ते गाव कोणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मंजिरीने काडेपेटीच्या काडीने डबी खरवडून वीस दिवस काढले. डबी संपली आणि चौथ्या दिवशी तोंड पेटलं. मुरुम लेकराबाळांसकट परतले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, लालभडक, साधं पाणी लागलं तरी आग.

रिकामी डबी घेऊन पांडुरंग बडा गणपतीच्या चौकापासून एकेक मेडिकल पालथं घालत निघाले. जो तो विचारी, "भिया, नाम तो बताओ." यांना नाव कुठलं माहीत! "हाताचं मलम, मिलवालं," एवढंच सांगत राहिले. परत येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मलम संपलं, तिथेच घात झाला. मिल उघडू दे, पहिल्या दिवशी डबी भरून आणतो."

मंजिरी एकटीच तुकोगंजातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी भिंग लावून चेहरा बघितला, डबी हुंगली.

"विसाव्या वर्षी जातात, असं म्हणाले होते सगळे," मंजिरी म्हणाली.

"पुष्कळांचे जातात. सगळ्यांचे नाही. कितीतरी बायकांना तिशीत, चाळिशीतसुद्धा येतात. तुमची काही चूक नाही त्यात."

बारा वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. बाईंचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. "पण हे मलम! हे हाताच्या जाड कातडीसाठी असतं. रोज तोंडाला लावून कातडी पातळ झाली आणि मुरुम भडकले. आधीचं होतं ते औषधाने ताब्यात ठेवता आलं असतं. आता दोन वर्षं तरी धरून चला. डाग राहतील."

वैशाख चार महिन्यांवर होता. 

घरी आली तर बाबा ओट्यावर वाट बघत बसलेले. रंगाचं पाणी सुटल्यामुळे त्यांचे हात महिनाभरात आपोआप बरे झाले होते, एकवीस वर्षांत पहिल्यांदा. ते कोरे, बिनकामाचे हात मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मलमाचं नाव कळलं का गं?"

 ज्या मलमासाठी या माणसाने स्वतःचे हात फुटू दिले, त्यानेच लेकीचं तोंड जाळलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "नाही बाबा, त्यांनाही नाही कळलं," मंजिरी म्हणाली.

संक्रांतीला यमुनाबाई होणाऱ्या सुनेला साडी द्यायला आल्या. तिच्याकडे बघून त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि साडीची पिशवी जाताना परत नेली. आठ दिवसांनी कार्ड आलं, योग नाही म्हणून. त्यानंतर कुणी बघायला आलं नाही.

या गोष्टीला दहा वर्षं होत आली. मंजिरी आता छत्तीस वर्षांची आहे. गालांवर डाग आहेत, हनुवटीवर आज सकाळीच दोन नवे आलेत. चाळीतल्या बायका म्हणतात, चाळिशीत जातात. बाजारात रोज नवं क्रीम येतं, ती एकालाही हात लावत नाही.

पांडुरंग दर रविवारी धुतलेला शर्ट घालून बंद मिलच्या गेटावर मजुरांच्या सभेला जातात. कालही गेले होते. परतले ते खुशीतच. "इस बार पक्का, मंजू! मोठा वकील केलाय. गेट उघडलं की आधी दवाखान्यात जातो, मग खात्यात. डबी कुठाय?"

"फडताळात आहे, बाबा," मंजिरी म्हणाली. "घासून ठेवलीय."