गढीचं तिकीट
फरशीच्या मेणाचा वास आला की गोकुलममधलं आमचं घर आठवतं. आई तांबडी फरशी मेण लावून घासायची आणि चपला उंबऱ्याबाहेर काढायला लावायची. योग शिकायला आलेली एक वयस्क जर्मन बाई आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. एका सकाळी त्या वासानं ती पायरीवरच थबकून बसली. तिच्या खेड्यात तिच्या घराण्याचा लहानसा किल्ला होता, आपल्याकडच्या गढीएवढा. युद्धानंतर सरकारनं तो घेतला, त्याचं धान्याचं कोठार केलं. पुढे कुणा व्यापाऱ्यानं विकत घेऊन बघायला तिकीट लावलं. "लहानपणी तिथंही फरशीला असंच मेण लावायचे, बूट काढल्याशिवाय आत सोडत नसत," ती म्हणाली. "म्हातारपणी तिकीट काढून गेले, दारात बूट काढायला वाकले, तर तिकीटवाला हसला. म्हणाला, राहू द्या, इथं सगळे बूट घालूनच येतात." मी ते आईला मराठीत सांगितलं. "अय्यो, स्वतःच्या घरी तिकीट काढून जायचं की काय ग!" म्हणत आईनं मेणाच्याच हातांनी बाईचा हात धरला. आई गेल्यावर घर विकावं लागलं. परवा तिथं राहिलेली तिची तुळशीची कुंडी आणायला गेले. उंबऱ्याशी चप्पल काढत होते, तोच नवे कानडी मालक आतून म्हणाले, "परवागिल्ला, चप्पल असू द्या. तशाच या."