आलेख काढणारं मशीन आणि मल्लय्याकाका

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि एका शनिवारी सकाळी आमच्या गणिताच्या डिपार्टमेंटमध्ये चक्क कॉम्प्युटर आला... तीन दिवसांसाठी, पुण्याच्या एका कंपनीचा, दाखवण्यापुरता.

टाइपरायटरपेक्षा थोडं मोठं मशीन. वर एकाच ओळीचा लाल अक्षरांचा पडदा आणि शेजारी एक सपाट पाटी. पाटीवर कागद लावायचा, मग एक पेन आपोआप सरकत आलेख काढायचं. आम्ही सगळे खुळ्यासारखे बघत उभे!

ते चालवायचं कसं, तर प्रोग्रॅम एकेक प्रश्न विचारायचा. समीकरण कोणतं? X कुठून कुठपर्यंत? Y कुठून कुठपर्यंत? आणि शेवटी स्टेप, म्हणजे किती किती अंतरावर बिंदू घ्यायचा. आकडा दाबायचा, मोठं बटण दाबायचं, की पुढचा प्रश्न.

आता खरं सांगते. कंपनी एका विद्यार्थ्याला महिनाभर पुण्याला ट्रेनिंगला नेणार होती आणि आमच्या गणिताच्या सरांनी पद्माला निवडलं होतं. पद्मा माझी मैत्रीण, भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातली, आमच्यात सगळ्यांत हुशार. दुसरं नाव माझं होतं... ती गेली नाही तरच मी.

आणि तिचे वडील त्याच दिवशी सरांना नकार द्यायला आले होते. मल्लय्याकाका. पांढरा पायजमा, बोटांना लाल रंगाचे डाग. एकटी मुलगी पुण्यात महिनाभर राहणार, हे त्यांना पटत नव्हतं. सर प्राचार्यांकडे गेले होते, म्हणून काका खोलीच्या दारापाशी थांबले. पद्मा खाली मान घालून त्यांच्या शेजारी उभी.

मला वाईट वाटायला हवं होतं ना? मनात मात्र मी पुण्याची बॅग भरत होते.

मशीनपाशी माझीच पाळी होती. मी साइन x घेतला. झोकात आकडे दाबले, पेन सरसर निघालं... आणि कागदावर नुसती आडवी रेघ! ना चढ, ना उतार. मागे कुणीतरी हसलं. कंपनीचा इंजिनियर पुढे झाला आणि पेन सैल झालंय का बघायला लागला.

"सरळ न्हाय ती रेघ," दारातून आवाज आला. "हलतीया. बारीक हलतीया, बघा की."

मल्लय्याकाका जवळ आले, कागदावर वाकले. आम्ही सगळे वाकलो. खरंच, रेघ अगदी किंचित वरखाली होत होती. दहा जणांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्यांनी दारातून हेरली होती.

"तुमी घरं लई मोठी धरलीसा, पोरी," ते मला म्हणाले. "सगळी नक्षी एका घरात मावली. मग दिसंल कशी?"

मला काही कळेना. पद्माला मात्र लख्ख कळलं. काका चादरीच्या नक्ष्या काढायचे. चौकडीच्या कागदावर एक घर म्हणजे एक धागा, असं रंगवत जायचं, मग त्यावरून मागावर फुलं उमटायची. उभी-आडवी किती घरं धरायची, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"Y च्या मर्यादा बघ," पद्मा माझ्या कानात म्हणाली. बघितलं तर उणे शंभर ते शंभर! त्या प्रश्नाला मी झोकात नुसतंच बटण दाबलं होतं, म्हणून आधी कुणीतरी काढलेल्या पॅराबोलाचे आकडे तसेच राहिले होते. साइन बिचारा उणे एक ते एकमध्येच खेळणार.

मी उठले. "तूच बस," म्हटलं.

पद्मानं उणे दीड आणि दीड दाबलं. पेन उठलं, उतरलं... आणि या वेळी कागदभर लाट उभी राहिली. पण काकांचं समाधान नाही. "कड दातेरी आली. मधली घरं सोडत चाललंय हे."

"स्टेप, नान्ना," पद्मा हसून म्हणाली. नान्ना म्हणजे बाबा. तिनं तीस अंशांच्या जागी पाच केलं. आता पेन सावकाश, टिपत टिपत गेलं आणि वळण असं गुळगुळीत उतरलं की इंजिनियरनं टाळी वाजवली.

मग बापलेक थांबेचनात. दोघंही तेलुगूत बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. काका बोटानं कागदावर दाखवायचे, ती आकडे बदलायची. कधी लाट दाट, कधी लांब. दोघांचे चेहरे... तसे मी नंतर फार कमी वेळा पाहिले.

तेवढ्यात सर आले. "बोला मल्लय्या, काय ठरलं?"

काका कागदाकडेच बघत होते. पद्माचे हात बटणांवर थांबले. आणि गंमत बघा, आता मला त्यांचा नकार नको होता.

"सर," काका म्हणाले, "पुण्याची गाडी सकाळी किती वाजता हाय?"

पद्मा गेली. महिन्यानं परतली आणि जे शिकली ते वहीत लिहून आणून मला शिकवलं, काही हातचं न राखता. पुढे मीही गणितच शिकवलं, सगळी नोकरीभर. आलेख बिनसला की मुलं म्हणायची, "मॅडम, समीकरण चुकलंय." मी म्हणायची, आधी घरं बघा, कितीची धरलीयत.

कॉलेजात मला चांगले शिक्षक पुष्कळ भेटले. त्यातले एक आमच्या हजेरीपटाच्या जगातले नव्हतेच, आणि त्यांना मी कधी सर म्हटलं नाही... ते आज म्हणते. मल्लय्या सर.