प्लुटोवरचा दाणा

मधुकर गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत बसलो होतो. फोन मुलानं घेतला. बाहेर येऊन म्हणाला, "अण्णा, चांदवडचे गुरुजी गेले. पहाटे, झोपेतच." मी सुई फुलात तशीच धरून ठेवली. त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगतो. खोटं लिहायचं असतं तर त्याच्या विद्यार्थ्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं असतं. पहिलं मनात आलं, हा माझ्या आधी पोचला. कुसुमकडं.

कुसुम माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं होतील. आणि मधुकर गुरुजी म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा. आमच्यात आतेभावाचा मुलीवर पहिला हक्क असतो, हे सांगायला नको. ती पाळण्यात होती तेव्हाच आत्यानं तिला मागून ठेवलेली. पण लग्नाचं वय झालं तेव्हा मधूला नोकरी नव्हती, आणि मखमलाबादला माझी स्वतःची विहीर होती, गुलाबाचा मळा होता. सासऱ्यानं विहीर बघितली. पुढच्याच वर्षी मधू मास्तर म्हणून लागला, विज्ञानाचा. त्याचंही लग्न झालं, बाई चांगली मिळाली, सगळं रीतसर झालं. मला तो दाजी म्हणायचा. लोक म्हणायचे, बघा, दाजी म्हणतो म्हणजे तिला बहीण मानतो. असेल. पण कुसुम आपल्या सगळ्या चुलतभावांना, मावसभावांना दादा म्हणायची, आणि याला नुसतं मधू. शेवटपर्यंत मधू... हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुरवणीत गुरुजींवर लिहा असं मला त्यांच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं, ती पेपरात आहे. "बाबा, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने," म्हणाली. मी चौथी शिकलोय, शुद्धलेखन तिनं बघून घ्यावं. गुरुजी शिकवायचे कसे ते मला माहीत नाही, मी त्यांच्या वर्गात बसलेलो नाही. मला माहीत आहे तो त्यांचा रस्ता.

चांदवडच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की दहा-अकरा किलोमीटरवर त्यांची शाळा. शाळेच्या भिंतीवर त्यांनी माणसापेक्षा उंच पिवळा सूर्य रंगवला, आणि तिथून हायवेपर्यंत रस्त्याच्या कडेनं मैलाच्या दगडासारखे सिमेंटचे खांब पुरून त्यावर एकेक ग्रह बसवला. आकार मापात, अंतरंही मापात. नव्वद सालानंतरची गोष्ट, आमची पोरं तेव्हा शाळेत होती. गुरुजींचा निरोप आला, दिवाळीच्या सुटीत सगळे या, सूर्यमाला दाखवतो. मी म्हटलं, फुलांचा सीझन आहे. कुसुमनं दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. तिसऱ्या दिवशी मी फुलं वाहायची मॅटॅडोर काढली.

हायवेवरून आत वळतो न वळतो तोच पहिला दगड लागला. तिथं गुरुजी आधीच उभे, पांढरा शर्ट, हातात छत्री. "इथं बघायचं नाही, कोणी बघायचं नाही! आधी सूर्य." त्यांना पुढं घेतलं. माझा विचार होता, कुसुमनं मागं पोरांजवळ बसावं. तर हे म्हणाले, "तिला पुढं बसू द्या दाजी, मागून काय दिसणार?" ती लगेच मधे येऊन बसली. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. मॅटॅडोरचा गिअर मधेच असतो. गिअर टाकताना माझा हात तिच्या गुडघ्याला लागायचा. त्या दिवशी मी गरज नसताना लय गिअर बदलले.

सूर्यापासून निघालो. पहिले चार ग्रह चालत जाता येतील इतके जवळ. आपली पृथ्वी सुपारीएवढी, निळ्या रंगाची. धाकटा म्हणाला, "एवढीच?" कुसुमनं त्या सुपारीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मधू, यात आपलं नाशिक कुठं रे?" मग जे प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. गुरू डांगराएवढा का, त्याच्यावर पाय ठेवता येईल का, तिथं रात्र किती मोठी. आणि ते सांगतायत, ही ऐकतेय. मला तिनं जन्मात एकच प्रश्न विचारला, भाव काय मिळाला.

शनी आला. काळा गोळा, त्याभोवती लहान सायकलची रिंग. गोळ्यावरून तेल ओघळलेलं, वर रुईच्या पानांची माळ, खाली खडीत नारळाची शेंडी. गुरुजींचं तोंड उतरलं. कुसुम हसून हसून वाकली. "मधू, तुझ्या शनीला गिऱ्हाईक लागलं!" मी गाडी थांबवून हात जोडले. गुरुजी म्हणाले, "दाजी, सिमेंटचा आहे तो. मी स्वतः केलाय."

"तुमच्यासाठी सिमेंटचा," मी म्हटलं. "आणि मला भ्यायचं कारण नाही, माझी साडेसाती गाडीतच बसलीय, खिडकीशी."

ते हसले. त्यांना राग यायचा नाही, हाच माझा राग होता.

शनीच्या पुढं गाडी चालत राहते, चालत राहते, पुढचा ग्रह काही लवकर येत नाही. पोरं मागं झोपली. "केवढी रिकामी जागा आहे," कुसुम म्हणाली. शेवटी हायवेजवळचा तो पहिला दगड आला, म्हणजे शेवटचा. प्लुटो. दगडाला वर बोटाच्या टोकाएवढी खळगी, आणि खळगी रिकामी. गुरुजींनी त्यात सायकलचा छर्रा बसवला होता, तो कोणीतरी उपटून नेलेला. ते एवढेसे झाले. कुसुम गाडीकडं गेली, मागच्या फळीवर वाकली, चिमटीत काहीतरी घेऊन आली. आदल्या आठवड्यात मी ज्वारीची पोती वाहिली होती, फळीच्या सांदीत दाणे अडकलेले. तिनं एक दाणा खळगीत ठेवला.

गुरुजींनी वाकून बघितलं. "कुसुम! बरोबर मापाचा आहे गं!"

ती हसली... मी पाहिलेलं तिचं सगळ्यात मोठं हसू ते. माझ्यासाठी नव्हतं. पण दाणा माझ्या गाडीतला होता, हे मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं.

त्यानंतर चांदवडच्या बाजारात फुलं घेऊन निघालो की ती सोबत येई, आणि त्या फाट्यावर, "अहो, थांबा की जरा." चिमण्या दाणा खाऊन टाकत. ती नवा ठेवी. मी इंजिन चालू ठेवून बसे. अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा टीव्हीवर सांगितलं की प्लुटोला आता ग्रह म्हणायचं नाही. मला बरं वाटलं. गुरुजींचा फोन आला, म्हणाले, आता तो दगड काढावा लागेल, पोरांना चुकीचं शिकवता येत नाही. कुसुमनं फोन माझ्या हातातून घेतला. "माझ्या दगडाला हात लावायचा नाही, मधू." एवढंच. शनीला तेल घालणाऱ्यांशी जन्मभर भांडलेला तो माणूस, त्यानं चुकीचा दगड राहू दिला. तिच्या एका वाक्यासाठी. मी तिच्यासाठी असं काय सोडलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्याकडं सोडण्यासारखं काही नव्हतंच, विहीर सोडली तर.

ती गेल्यावर महिन्याभरानं मुलासोबत गाडीत बसून मी त्या फाट्यावर उतरलो. खिशात घरचा दाणा होता, टपोरा, पांढरा. बघतो तर खळगीत दाणा आहे. बारीक, पिवळसर. दादर ज्वारीचा, गुरुजींच्या गावाकडचा. मी तो नखानं उडवला आणि माझा ठेवला. पुढच्या खेपेला पुन्हा बारीक, पिवळा. पुन्हा उडवला. त्याच्याही पुढच्या खेपेला तेच. मुलगा गाडीतून विचारायचा, "अण्णा, काय करता?" म्हटलं, तू पुढं बघ.

एका लग्नात गुरुजी भेटले. पंगतीत शेजारी बसले. वरणात भात कालवता कालवता म्हणाले, "दाजी, हायवेच्या फाट्याला चिमण्या फार झाल्यात."

"हो का?"

"दोन पायांच्या."

"चिमण्यांना दोनच पाय असतात, गुरुजी. तुम्हीच शिकवता ना?"

त्यांनी माझ्या पानात आपली जिलबी ठेवली. त्यांना साखर होती. ती शेवटची भेट.

त्यांच्या दहाव्याला जाऊन येताना मी फाट्यावर गाडी थांबवायला लावली. ऊन कडक होतं. खिशात माझा दाणा होता, नेहमीसारखा. खळगीत त्यांचा होता. बारीक, पिवळा, धूळ बसलेला. जायच्या आधी कधीतरी येऊन ठेवून गेले असतील, त्या वयात, सायकलवर, अकरा किलोमीटर. मी नख पुढं केलं... आणि हात मागं घेतला. मला दया आली असं कोणी समजू नये. तो उडवला असता तर पुन्हा येऊन दुसरा ठेवणारा कोणी उरला नव्हता.

आता आठवड्याला फुलांची गाडी जाते तेव्हा मी बसतो सोबत. उतरून बघतो. त्यांचा दाणा अजून आहे. वर ते दोघं काय बोलत असतील ते बोलोत, ती विचारत असेल, हे सांगत असतील. माझा दाणा माझ्या खिशात आहे, शर्ट बदलला की तोही बदलतो. चिमणीनं त्यांचा खाल्ला की मी माझा ठेवणार. चिमण्या तारेवर बसलेल्या असतात. मी खाली उभा असतो, आणि कोणी खाली उतरलीच तर हात हलवून हाकलतो.