रिकाम्या कॅनचे जनार्दन सर

रिठदच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी विज्ञानाचे जनार्दन सर शिक्षकखोलीत बादलीपुढे उकिडवे बसले होते. ओळखदेख नसताना त्यांनी माझ्या पिशवीतलं संत्रं उचललं आणि पाण्यात टाकलं. ते तरंगलं. सोलून टाकलं, तर थेट तळाशी गेलं. "सांगा बाई, वजन तं कमी झालं. मंग बुडलं काहून?" उत्तराची वाटही न पाहता "सालीत हवा राह्यते. सालीसंग हवा गेली," असं म्हणत सरांनी निम्मं संत्रं खाऊनही टाकलं. मला राग आला होता, हे सरांच्या अमृतमहोत्सवी अंकात लिहायला हरकत नसावी.

सर स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. वर्गात खिळा बुडवायचे, की लगेच मुलांना हौदावर नेऊन लोखंडी घमेलं तरंगवायचे. घमेलं खिळ्याहून कितीतरी जड, पण पोकळ आणि पसरट; बुडण्याआधीच आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. हे सगळ्यांना कळेपर्यंत घंटा होऊनही कुणाची सुटका नसे. पुढचा तास माझा, त्यामुळे आमचे खटके उडत. मात्र मी तापाने अंथरुणावर पडले, तेव्हा माझे तास सरांनीच घेतले आणि मुलांकडून कविता चोख पाठ करून घेतल्या.

सर निवृत्त झाले आणि परिसरात शेततळी वाढली. तळ्यात अंथरलेलं प्लास्टिक इतकं निसरडं, की पडलेल्या माणसाला काठावर चढता येत नाही. सरांची झोप उडाली. जुन्या स्कूटरवर दोर आणि झाकण लावलेले रिकामे कॅन घेऊन ते तळ्यामागून तळं फिरू लागले. प्रत्येक काठावर एक कॅन दोराने बांधायचा, पडलेल्याने तो धरायचा.

पण आमच्याकडचा वारा रिकामा कॅन जागेवर राहू देत नाही. म्हणून लोकांनी कॅन पाण्याने भरून ठेवले. माझे दीर संजय त्यातलेच. सरांनी आमच्या तळ्यावर कॅन उचलला आणि तिथेच थांबले.

"यात काय भरलं रे?"

"पाणीच हाय सर. हवेनं उडून राह्यला होता."

"मंग मानूस पडला तं हे त्याले वर कसं धरन? याले हवेसाठीच ठेवलं ना मी."

सरांनी कॅन ओतून घेतला, झाकण घट्ट लावलं आणि तो उडू नये म्हणून संजयकडून दोरासाठी खुंटी ठोकून घेतली. संजय दिवसभर फुगून होते. त्याच हंगामात फवारणीसाठी पाणी काढताना माझी जाऊ मंगला तळ्यात घसरली. शेजारच्या शेतातली माणसं येईपर्यंत ती कॅन छातीशी धरून होती. त्यांनीच तिला घरी आणलं.

सावरल्यावर आम्ही दोघी सरांकडे गेलो. मंगला म्हणाली, "सर, आता मले पोहणं शिकवा."

सर हसले. "मलेच कुठं येते पोहणं."

तेव्हापासून आमचा जीव थाऱ्यावर नाही. पंचाहत्तरीतही सर त्या निसरड्या काठांवर एकटे वाकतात, कॅन हलवून पाहतात. घरच्यांनी सांगून झालं, माझं भांडून झालं. "पाहू," एवढंच उत्तर मिळतं.

सर, तुम्हाला निरोगी शंभरी लाभो, असं सगळेच म्हणतील, मीही म्हणते. पण नुसतं म्हणून माझं समाधान होत नाही. मंगला पोहायला शिकली आहे. उद्यापासून स्कूटरवर ती तुमच्या मागे बसणार आहे. तुम्ही नाही म्हणालात, तरी.